अकोल्यापर्यंत जाणारा बाण

आमच्या सरांना लांबचं फार छान दिसायचं. दहा फुटांवरच्या पडद्यावर कुणाची वेलांटी चुकली हे ते खुर्चीतून न उठता सांगत. हातातल्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायला मात्र चष्मा शोधावा लागे, आणि तो बहुतेक वेळा त्यांच्याच डोक्यावर असे. वाशीमच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट म्हणजे एक खोली, पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर ओसरीत पाण्याचा माठ. या माठाचं प्रकरण पुढे येणार आहे, म्हणून तो आत्ताच सांगून ठेवतो.

सरांना चूक पाहवत नसे. रागीट मास्तरांचं हे नेहमीचं लक्षण, असं कुणाला वाटेल, पण सर रागावत नसत, कासावीस होत. स्टँडसमोरच्या एका नाश्त्याच्या गाडीवरच्या पाटीत एक काना राहिला होता. सरांनी दोन दिवस दुसऱ्या रस्त्यानं जाऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि पाटीवर काना ओढून मोकळे झाले. गाडीवाला म्हणाला, "सर, पाटी माही हाये न." सर म्हणाले, "पाटी तुही हाये. भाषा दोघायची हाये." घरी आलेली लग्नपत्रिका ते लाल पेनानं तपासत, खाली "शुभाशीर्वाद" लिहीत आणि लग्नाला गेल्यावर ती नवऱ्या मुलाच्या बापाच्या हातात देत. तरी त्यांना पत्रिका येतच. अशा माणसाला कोण टाळणार?

त्यांचा कीबोर्ड जुना होता, पिवळा पडलेला, उचलायला जड. अर्धी अक्षरं पुसून गेली होती, पण सर डोळे मिटून टाइप करत, त्यामुळे त्यांना त्याचं काही नव्हतं. दर शनिवारी ते दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक बटण घासत. या कीबोर्डशिवाय दुसऱ्या कशालाही ते हात लावत नसत. "दुसऱ्याच्या कीबोर्डवर बोटं ठेवणं म्हंजे दुसऱ्याची चप्पल पायात घालणं हाये," असं त्यांचं म्हणणं. आता विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या माणसाला हे कसं परवडावं? आधी ते आपला कीबोर्ड काखेत मारून प्रत्येक मशीनपाशी जात, वायर काढून आपली लावत, दाखवत आणि पुढच्या मशीनकडे सरकत. पुढं गुडघ्यानं दगा दिला. मग त्यांनी बरेच दिवस खटपट करून कुठूनसं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शोधून काढलं.

त्या सॉफ्टवेअरनं पाचही कॉम्प्युटर सरांच्या एका माऊस-कीबोर्डवर चालू लागले. सर खोलीच्या मधोमध फिरत्या खुर्चीवर बसत आणि आम्ही भिंतींकडे तोंड करून, म्हणजे त्यांच्याकडे पाठ. माऊसचा बाण त्यांनी आपल्या पडद्याच्या उजव्या कडेला नेऊन आणखी थोडा ढकलला, की तो तिथून नाहीसा होई आणि पुढच्या कॉम्प्युटरच्या डाव्या कडेतून आत शिरे. बाण ज्या पडद्यावर, सरांच्या कीबोर्डची अक्षरंही त्याच पडद्यावर. आमचे कीबोर्ड आपापल्या जागी चालूच असत. सरांचे दोन हात त्यात वरून येत, एवढंच.

सर मूळचे जऊळक्याचे. त्यांचे वडील तिथल्या स्टेशनावर सांधे बदलायच्या कामाला होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घ्यायचं काम. म्हणून सर या सॉफ्टवेअरला 'सांधा' म्हणत. "गाडी तेच, डायवर तोच, रूळ फक्त दुसरा. बापानं जनमभर हेच केलं, मी बसल्या जागी करून राह्यलो." कॉम्प्युटरांनाही त्यांनी स्टेशनांची नावं दिली होती. त्यांचा स्वतःचा वाशीम, मग ओळीनं जऊळका, लोहगड, बार्शीटाकळी आणि अकोला. मी अकोल्याला बसत असे. सरांना माझ्याकडे यायचं तर मधल्या तिन्ही पडद्यांवरून यावं लागे. बाण जऊळक्याला दिसला की तिथला माणूस पाठ ताठ करी, लोहगडचा करंगळी सावरी, आणि माझ्यापर्यंत बाण येईस्तोवर सगळी खोली सरळ बसलेली असे.

विद्यार्थ्यांना ते गावाच्या नावानं हाक मारत. मी 'मेडशी'. बार्शीटाकळीच्या मशीनवर रिसोडच्या एक ताई बसत, त्या 'रिसोडवाल्या ताई'. बोटांनाही सर माणसांसारखं वागवत. पाठमोऱ्या आवाजावरून ओळखत, "मेडशी, तुही डावी करंगळी झोपून राह्यली. करंगळी म्हंजे घरातली लहान सून. साऱ्यात जास्त काम तिलेच, अन् जरा थांबली की बोलणी बी तिलेच."

सांध्याचे घोळही होत. सर एकदा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला पत्र टाइप करत होते, नेहमीप्रमाणे डोळे मिटून. माऊसला कोपर लागलं आणि बाण निघाला थेट बार्शीटाकळीला. ताई त्या वेळी हातातल्या कागदावर पुढची ओळ शोधत होत्या. ओळ सापडल्यावर त्यांनी पडद्याकडे न बघता टायपिंग पुढं चालू केलं, कारण पडद्याकडे बघायचं नाही हा सरांचाच नियम. प्रिंट निघाली ती अशी: "बालकास सहा महिन्यांनंतर पातळ वरण-भात द्यावा. आपण गॅलरीतील कुंड्यांना घालता ते पाणी आमच्या खिडकीतून आत येते, तरी यापुढे बेताने घालावे. बालकास नेहमी स्वच्छ हातांनी भरवावे." ताई म्हणाल्या, "सर, हे पाणी कायचं हाये बावा?" सरांनी चष्मा शोधला, मजकूर वाचला आणि म्हणाले, "मधल्या ओळीत एकबी चूक नाही पाहा."

मी तिथे हौसेनं जात नव्हतो. माझे वडील वाशीमच्या एका कार्यालयात शिपाई होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपेवर मला लिपिकाची जागा मिळाली. अट एकच, दोन वर्षांत मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र आणायचं, नाही आणलं तर घरी जायचं. घरी म्हणजे मेडशीला आई आणि थोडकी सोयाबीनची शेती. माझी बोटं विळ्याला सरावलेली, बटणावर आपटायची. सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन मी आधी क्लास करी आणि तिथूनच कार्यालयात जाई.

आता माठ. सरांचा एक रिवाज होता. उतारा टाइप करून झाला की जागेवरून उठायचं, ओसरीत जायचं, माठातलं ग्लासभर पाणी सावकाश प्यायचं, बोटं मोकळी करायची आणि मग परत यायचं. तोवर सर आपल्या खुर्चीवरून सगळ्यांच्या प्रिंट काढून ठेवत. मग आम्ही मूळ उताऱ्याशी ताडून लाल पेनानं आपापल्या चुका मोजायच्या. "टाइप झाल्या झाल्या चुका पाहू नये. बोटायले लाज वाटते," असं ते सांगत. मला हे फार पटलं होतं. माझ्या चुका तीन निघत, कधी चार. सर कागद लांब धरून बघत आणि मान डोलावत.

आणि परीक्षेत मी नापास झालो. एकदा झालो, सहा महिन्यांनी पुन्हा झालो. सरांनी खांद्यावर हात ठेवला. "हात चांगला हाये तुहा. तू घाबरतो गड्या." मलाही तेच वाटायला लागलं. क्लासमध्ये तीन चुका करणारा माणूस परीक्षेत नापास होतो, तेव्हा तो भित्राच असणार. मी मारुतीला नारळ फोडला, पहाटे उठून दीर्घ श्वास घ्यायला लागलो. आई विचारायची, "काय झालं रे?" आणि मी तिच्याशी नीट बोलायचो नाही. कार्यालयातले साहेब चांगले होते, पण त्यांनीही एक दिवस बोलावून सांगितलं की आता एकच परीक्षा उरली, त्यापुढे त्यांच्या हातात काही नाही.

ती परीक्षा दीड महिन्यावर आली असताना सर भाचीच्या लग्नाला जऊळक्याला गेले. खोलीची किल्ली रिसोडवाल्या ताईंकडे होती. आम्ही नेहमीप्रमाणे उतारा टाइप केला, नेहमीप्रमाणे माठावर जाऊन आलो, ताईंनी प्रिंट काढल्या. मी लाल पेन घेऊन बसलो. पहिल्या ओळीत दोन चुका. दुसरीत तीन. पान संपेस्तोवर कागद लालेलाल झाला होता. मी दुसरा उतारा घेतला, त्याचीही तीच गत. ताईंचा कागदही काही निराळा नव्हता. त्या म्हणाल्या, "सर नाहीत म्हणून झालं असंन." मी मात्र दोन्ही लाल कागद घडी करून खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सर आले. मी उतारा संपवला, माठापाशी गेलो, ग्लास भरला आणि पाणी न पिता खिडकीतून आत पाहिलं. खोलीत सर एकटे होते. अकोल्याची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोरच्या माझ्या पडद्यावर बाण फिरत होता. तो एका शब्दापाशी थांबला. अक्षर पुसलं गेलं, दुसरं उमटलं. बाण खालच्या ओळीवर गेला. सर दहा फुटांवरून माझ्या पडद्याकडे बघत होते, आईनं लेकराचं तोंड पुसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. माझं झालं, मग बाण बार्शीटाकळीला गेला.

मला त्यांचा राग आला. इतका राग मला त्याआधी कुणाचाच आला नव्हता. मी ग्लास तसाच ठेवून आत गेलो.

"सर, हे काय करून राह्यले तुमी?"

बाण जागच्या जागी थांबला. सरांनी कीबोर्डवरचे हात उचलले.

"किती दिवसापासून?" मी विचारलं.

"सांधा आल्यापासून," ते म्हणाले. "पाहवत नाही रे मले. प्रिंट द्याले तुह्या पडद्यावर जातो, अन् चूक दिसते. दिसली की हात जातेच. एकच करीन म्हणतो अन् दोन-चार सुटल्या तर सुटल्या, बाकी साऱ्याच होतात."

"माही नोकरी जाऊन राह्यली सर. दोन डाव नापास झालो मी. तुमी म्हणले, तू घाबरतो. मी बी म्हणलो, घाबरतो. माय रोज इचारते अन् मी तिच्यावर खेकसतो."

माझ्यामागे बाकीचे दारात येऊन उभे राहिले होते. सर म्हणाले, "घाबरत तू नव्हता, मेडशी. मी घाबरत होतो."

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. आम्ही उतारा टाइप करायला लागलो की सर दोन्ही हात मांडीखाली घालून बसत. साठीला आलेला माणूस फिरत्या खुर्चीत हातांवर बसलाय, हे दृश्य आमची पाठ त्यांच्याकडे असल्यानं सारखं पाहावं लागत नव्हतं, हे बरंच होतं. उतारे संपले की ते हात बाहेर काढत, झटकत आणि "मुंग्या आल्या, मुंग्या आल्या" म्हणत प्रिंट देत. तीन दिवस निभलं. चौथ्या दिवशी माझ्या दोनच चुका निघाल्या. मी वळून सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "उजवा हात सुटला रे."

मग ते उठले, गुडघा धरत आपल्या कॉम्प्युटरच्या मागे गेले, कीबोर्डची वायर उपटली आणि कीबोर्ड माझ्या हातात दिला. "पिशवीत टाक. क्लास होईस्तोवर तुह्यापाशी राहू दे." माऊसनं प्रिंट देता येते, चूक दुरुस्त करता येत नाही. मी माठावर जायचो तेव्हाही पिशवी खांद्याला असायची.

एक दिवस कार्यालयाच्या गडबडीत मी तो परत द्यायचा विसरलो आणि कीबोर्ड मेडशीला गेला. संध्याकाळी सरांचा फोन आला. मी म्हटलं, "सर, चुकलो. उद्या पयल्या गाडीनं आणतो."

"आणू नको," सर म्हणाले. "आज दिवसभर साऱ्या बॅचचे पोरं आपापल्या चुका पाहून राह्यले. लई बेकार टाइप करतात रे सारे." मग म्हणाले, "मीच केलं हे. परीक्षा होईस्तोवर राहू दे तुह्या घरी."

तो महिनाभर आमच्या घरी राहिला. आईनं विचारलं, "हे काय हाये?" मी म्हणालो, "सरायचे हात हायेत." तिनं तो धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवला आणि दर शनिवारी मी ब्रशनं त्याची बटणं घासली. सरांनी सांगितलं नव्हतं, पण त्यांना चैन पडणार नाही हे मला कळत होतं.

क्लासमध्ये सर आता फक्त बोलत. चूक दिसली की खुर्चीत चुळबुळत, खाकरत, एकदा तर तोंडावर टॉवेल घेऊन बसले. "तिसरी ओळ," एवढंच म्हणत. कुठला शब्द ते सांगत नसत. तो मी शोधायचा. पहिल्या आठवड्यात मला पाच-पाच मिनिटं लागत. हळूहळू चूक बोटालाच कळायला लागली, पडद्यावर उमटायच्या आधी. लाल खुणा वीसवर आल्या, मग दहावर, परीक्षेच्या आदल्या दिवशी सहा. त्या सहा माझ्या होत्या. मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधीच्या तीनचा कधी वाटला नव्हता.

मी पास झालो. फार गुणांनी नाही, पण झालो. पेढे आणि लुगड्यात गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी आधी लुगड्याची गुंडाळी सोडली, बटणांच्या फटीत बोट फिरवून धूळ बघितली, ती नव्हती. मग वायर लावली, बाण घेतला आणि जऊळका, लोहगड, बार्शीटाकळी करत अकोल्यापर्यंत नेला. माझ्या पडद्यावर त्यांनी टाइप केलं, "अभिनंदन". सही केल्यासारखा पूर्णविराम दिला आणि बाण परत वाशीमला आणला. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या पडद्यावर त्यांनी चूक दुरुस्त केल्याचं मी ऐकलं नाही. पाट्यांचं मात्र चालूच होतं.

पुढे सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, दुसऱ्याचं तितकं नाही. लांबचं दिसणं गेलं आणि त्यांनी इन्स्टिट्यूट बंद केली. मी अधूनमधून घरी जायचो, मग माझी बदली झाली, जाणं कमी झालं. याची मला लाज वाटते.

परत वाशीमला आलो आणि अर्ज स्वीकारायच्या खिडकीवर बसायला लागलो. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस काचेच्या पलीकडे सर उभे. काठी, पांढरी टोपी, डोक्यावर चष्मा.

"कोण हाये खिडकीवर?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"मेडशी," मी म्हणालो.

ते इतके हसले की मागची रांग बघायला लागली. त्यांना आत बोलवावं म्हणून मी उठत होतो, तर म्हणाले, "बस. रांगेत आलो मी." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. जऊळक्याच्या घराच्या कागदावर त्यांच्या वडिलांचं नाव चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त करून मिळावं असा. "मीच टाइप केला. त्याच कीबोर्डवर."

अर्ज सरांचाच होता. समास नेमका, तारीख जागच्या जागी. शेवटच्या ओळीत मात्र 'तरी सदर चूक' यात 'चूक' हा शब्द दोनदा पडला होता. क्षुल्लक गोष्ट. असे अर्ज माझ्याकडे रोज येतात, मी एक शब्द खोडतो आणि शिक्का मारतो, अर्जदाराला पत्ताही लागत नाही. माझा हात पेनाकडे गेलासुद्धा होता.

मी पेन ठेवलं. कागद त्यांच्याकडे वळवला आणि म्हणालो, "सर, शेवटची ओळ."

त्यांचा चेहरा बदलला. चष्मा शोधायला लागले, मी तो डोक्यावर आहे हे सांगितलं नाही. सापडला. कागद आधी सवयीनं लांब धरला, मग जवळ आणला, मग पार नाकाशी. मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, होऊ द्या न लवकर." बोट ओळीवरून सरकत होतं, त्या शब्दावरून पुढे गेलं. एक शब्द बोललो असतो तर त्यांची सुटका झाली असती, आणि माझीही. बोट ओळीच्या शेवटी पोचलं, थांबलं आणि पुन्हा पहिल्यापासून निघालं. या वेळी ते अडलं.

"पेन दे," सर म्हणाले.

मी पेन सरकवलं आणि हात पुन्हा होते तिथे घातले. त्यांनी एक 'चूक' सरळ रेघेनं खोडली, बाजूला बारीक सही केली आणि कागद आत सरकवला. मी तो घेतला नाही. मग ते काचेच्या खिडकीशी वाकले आणि मी कसा बसलोय ते त्यांनी जवळून नीट पाहिलं.

"हात काढ आता, मेडशी," ते म्हणाले. "मुंग्या येतात."